डोळे कोण आखतं?

पेणमध्ये जर्मन कोण शिकतं, हा प्रश्न मला छत्तीस वर्षं विचारला गेला. विचारणाऱ्यांत रिक्षावाले होते, विद्यापीठातले वरिष्ठ होते आणि आमचे थोरले दीरही होते. दिरांनी तर पहिल्या वर्षी वर्गाच्या खिडकीतून माणसं मोजली. सात भरली. घरी येऊन ते सासूबाईंना म्हणाले, "पेणमध्ये सात येडे हायेत. आठवी आपल्या घरात हाय." मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. पुढच्या वर्षी नऊ झाले.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'अध्यापनाचा प्रवास' मागितला. तो सांगण्यासारखा नाही. शनिवारी पेण, रविवारी रोहा, एवढाच तो प्रवास. विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचं एक अभ्यासकेंद्र आमच्या भागात होतं आणि तिथं दोन वर्षांचा जर्मनचा डिप्लोमा करता यायचा. पेणला एका शाळेचा वर्ग शनिवारी दुपारी मिळायचा, रोह्याला एका वाचनालयाच्या माडीवरची खोली रविवारी सकाळी. शिकवायची मी, फॉर्म भरायची मी, आणि फळा पुसायला फडकं नसलं तर पदरही माझाच. पदवी असलेल्याला डिप्लोमा झाला की विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेता यायचा. तिथवर फार थोडे पोचले.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची आली. रोह्याच्या एका कंपनीतले शिफ्ट इंचार्ज आले. त्यांच्याकडे नवं जर्मन यंत्र बसलं होतं आणि त्यावरची लाल अक्षरं वाचता यावीत, एवढीच त्यांची मागणी होती. तीन महिन्यांनी पेढे घेऊन आले आणि पुन्हा दिसले नाहीत. 'इथे हात घालू नये' हे त्यांना आठ प्रकारे वाचता येत होतं, पण 'तुम्ही कसे आहात' येत नव्हतं. नागोठण्याहून एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मी त्याला चित्रांचं पुस्तक दिलं आणि तासभर त्याच्या आईलाच शिकवलं. ती पुढे डिप्लोमा पास झाली. मुलगा मेकॅनिक झाला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, परकी भाषा शिकवायची म्हणजे शब्द पाठ करून घ्यायचे. शब्दांचं काही विशेष नसतं. जर्मनमध्ये चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. इंग्रजीत वाढलेली मुलं इथं रडकुंडीला येतात. आमच्याकडच्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. तो चमचा, ती वाटी, ते ताट हे त्यांनी दुधाबरोबर प्यायलेलं असतं. आमच्याकडची अडचण तोंड उघडण्याची. शाळेत बाईंनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी खात्री असल्याशिवाय बोलायचं नाही, हे दहा वर्षं अंगात मुरलेलं असतं. भाषा शिकवणाऱ्याचं काम म्हणजे माणसाला चुका करायला लावायच्या आणि मग त्या काढायच्या. यातला दुसरा भाग मला उत्तम यायचा. माझ्या लाल पेनाला मुलं टरकून असायची आणि मला त्याचा अभिमान होता. हे आत्ताच कबूल करते, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

संगीता वर्गात आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. कासूच्या खाडीकडच्या गावातली. वडील मिठागरावर होते. ती पंधराव्या वर्षापासून पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होती, बी.ए. तिनं बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग तो दोन खोल्यांचा का असेना. फॉर्म भरण्याआधी तिनं पिशवीतून एक जाड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. वरच्या पुठ्ठ्यावर हळदकुंकवाचे डाग होते.

"बाई, हे वाचायला किती दिवस लागतील?"

मी पुस्तक ओळखलं नव्हतं, पण उघडल्यावर नाव ओळखलं. हाना. जर्मनीतल्या एका विद्यापीठात लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारी मुलगी. तिघी-चौघींच्या ओळखीतून माझ्यापर्यंत आली होती आणि पेणच्या मूर्तिकामावर प्रबंध लिहीत होती. ती तीन आठवडे राहिली, त्यातले दोन दिवस मी तिच्यासोबत दुभाषी म्हणून फिरले होते. तिनं प्रबंध छापून झाल्यावर एक प्रत कारखान्याला पाठवली. तिथं कुणालाच वाचता येईना, म्हणून मालकांनी, म्हणजे नानांनी, ती देवाजवळच्या फळीवर ठेवली आणि दसऱ्याला हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली. पहिल्याच पानावर आभारात माझं नाव होतं. मला बरं वाटलं.

"आण, तासाभरात वाचून दाखवते," मी म्हटलं.

"नको," संगीता म्हणाली. "मलाच वाचायचंय."

मला तेव्हा ते हौशीचं बोलणं वाटलं. मी फॉर्म पुढे सरकवला.

ती शनिवारी पेणला यायची आणि रविवारी परत रोह्याच्या वर्गालाही यायची. एकच धडा दोनदा ऐकायची. तिच्यासारखी वही मी दुसरी पाहिली नाही. एकही खाडाखोड नाही. बाकीची मुलं लिहायची, खोडायची, वर लिहायची, पुन्हा खोडायची. ही बराच वेळ कागदाकडे नुसती बघत बसायची आणि मग एका दमात ओळ लिहायची. ती ओळ बरोबर असायची. रोह्याच्या वर्गात मी ती वही सगळ्यांना फिरवून दाखवली. "याला म्हणतात अभ्यास," असंही म्हटलं. संगीता खाली मान घालून बसली होती. तिच्या न बोलण्याला मी विनय समजत होते.

पहिलं वर्ष सरता सरता एका शनिवारी ती तास संपल्यावर थांबली. पुस्तक उघडं होतं. एका पानावर फोटो होता: गणपतींच्या रांगा, नाना मध्ये उभे, आणि कडेला रंगाच्या वाट्या धरलेली संगीता. खाली दोन ओळी होत्या. तिनं त्यांवर बोट ठेवून सावकाश वाचल्या आणि मग मराठीत सांगितल्या. मालक, जे परंपरेनं मूर्तीचे डोळे आखतात. सोबत त्यांची मदतनीस.

"बरोबर वाचलं का मी?"

"बरोबर."

"मग हे खोटं हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "डोळे नाना आखत नायत. त्यांची बारीक कामाची नजर गेल्याला आठ वर्षं झाली. डोळे मी आखते. मी विसाची होते तवापासून."

मी म्हटलं, "मग हानाची काहीतरी गफलत झाली असणार."

"हानाची नाय, बाई. त्या दिवशी तुमीच होतात."

आणि मला तो दिवस आठवला. कारखान्यात उभ्या असलेल्या आठ-दहा माणसांना हानानं विचारलं होतं, डोळे कोण आखतं. मी ते मराठीत विचारलं. नाना म्हणाले, "आमीच की. चार पिढ्या." आमच्याकडे घराच्या वतीनं, कारखान्याच्या वतीनं मोठा माणूस उत्तर देतो. त्याचं 'आमीच' म्हणजे सगळे. हे मला समजायला हवं होतं, मी रोह्याच्या शेतकऱ्याची मुलगी. पण जो बोलला तोच करत असणार, असं मी धरून चालले आणि हानाला नानांकडे हात करून सांगितलं, हे आखतात. मागं उभ्या बायकांकडे मी पाहिलंही नाही. दुभाष्याच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक आहे. उत्तर कोण देतंय एवढंच बघायचं आणि काम कोण करतंय ते विचारायचंच नाही. ती चूक छापून आली होती, आणि तिच्या आधीच्या पानांत माझे आभार होते.

"तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली.

"मालक बोलत होते. मधी कशी बोलनार?" मग ती म्हणाली, "वर्षभर वाटत होतं, पुढं कुटंतरी लिवलं असंल. नाय लिवलं. आता मी विद्यापीठात जानार. हाच विषय घेनार आनि मी लिवनार. तिकडचे लोक वाचतील असं."

मी त्याच वेळी हानाला पत्र लिहू शकले असते. तसं म्हटलंही. संगीतानं मान हलवली. "तुमी लिवलं तर परत तुमीच बोललात असं होईल." तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं की ही मुलगी एम.ए.ला जाणार आणि त्यासाठी मला काय वाट्टेल ते करावं लागलं तरी करणार. मी ठरवते तेव्हा घरचे बाजूला होतात.

लेखी परीक्षेत ती केंद्रात पहिली आली. तोंडी परीक्षेत नापास झाली.

तोंडी विद्यापीठात असायची. दोन परीक्षक, दहा मिनिटं, एक विषय. तिला 'माझं घर' आला होता. परीक्षकांपैकी एक बाई माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी नंतर सांगितलं, "तुमची विद्यार्थिनी जवळजवळ मिनिटभर गप्प बसली. मग एक वाक्य बोलली. वाक्य निर्दोष. परत गप्प. दहा मिनिटांत सहा वाक्यं झाली, सहाही निर्दोष. पण कुंदाताई, याला बोलणं म्हणता येत नाही. आम्ही गुण कशाला देणार?" आमच्या डिप्लोम्याचा नियम असा, की तोंडी परीक्षा तीनदा देता येते. तिसऱ्यांदा गेली की दोन्ही वर्षं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी मी ती जबाबदारी पूर्ण माझ्याकडे घेतली, आणि पूर्ण वाटोळं केलं. येण्याजोग्या बारा विषयांवर मी उत्तरं लिहून दिली. चार-चार पानं. ती तिनं घडाघडा पाठ केली. मला वाटलं, आता गप्प बसायला जागाच नाही. परीक्षेत सुट्टीचा विषय आला, तो आमच्या बारांत होता. तिनं सुरुवात छान केली. मध्येच परीक्षकांनी सहज विचारलं, आज येताना पाऊस लागला का. ते माझ्या पानांत नव्हतं. ती थांबली ती थांबलीच. पावसाचं उत्तर नाही आणि सुट्टीचं उरलेलंही नाही. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या गाडीत जितं स्टेशन गेल्यावर एकदाच म्हणाली, "पाऊस लागला होता, बाई. मला म्हाईत होतं."

मला राग आला होता आणि तो मी विभागावर काढला. निर्दोष बोलणाऱ्या मुलीला नापास करणारी ही कसली परीक्षा, असं दोन पानी पत्र पाठवलं. उत्तर सभ्य आणि एका ओळीचं आलं: नियम सर्वांना सारखे आहेत. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच ते पटत होतं. मी जर्मनीला आयुष्यात एकदाच गेले, तीन आठवडे, शिक्षकांच्या एका वर्गासाठी. त्यातल्या पहिल्या आठवड्यात मी तोंड उघडलं नव्हतं. बेकरीत पावाकडे बोट दाखवून पाव घेतला. जर्मनची प्राध्यापक मी. चुकले तर काय, या भीतीनं एक आठवडा मुक्यासारखी राहिले, आणि हे मी या लेखाच्या आधी कुणालाही सांगितलेलं नाही.

संगीताला सांगायचं म्हणून मी कारखान्यात गेले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. बहुधा माफी मागणार होते. आषाढ संपत आला होता आणि कारखाना गच्च भरला होता. दारातच नानांनी ओठावर बोट ठेवलं आणि मला स्टुलावर बसवलं. आत रेडिओ बंद, पंखाही बंद. डोळ्यांची आखणी चालली होती.

संगीता एका मूर्तीसमोर मांडी घालून बसली होती. हातात बारीक ब्रश. ती मूर्तीकडे नुसती बघत होती, वर्गात वहीकडे बघायची तशीच. किती तरी वेळ. मग श्वास धरला आणि पापणीची एक रेघ काढली, न थांबता, न उचलता. ब्रश खाली ठेवून श्वास सोडला. पुन्हा बघणं. मी तिथं बसून माझ्या विद्यार्थिनीला पहिल्यांदा पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. ती परीक्षेत घाबरून गप्प बसत नव्हती. ती वाक्य आखत होती.

ती हात धुवायला मागं गेल्यावर मी नानांना विचारलं, "रेघ चुकली तर?"

"पुसता येत नाय. पांढऱ्यावर काळं पसरतं. मूर्ती बाद."

"मग ही शिकली कशी?"

नाना मला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं भिंतीला लावून एक फळी होती आणि फळीवर तीस-चाळीस गणपती दाटीवाटीनं बसले होते. कुणाचा कान तुटलेला, कुणाला तडा गेलेला, विकायला न जाणारे. सगळ्यांना डोळे होते. एकाचे तिरळे, एकाचे झोपाळू, एक भांडायला आल्यासारखा, एक नुकताच रडून उठलेला. एकाला तर कपाळावरही एक डोळा होता.

"ह्या बादवर तिनं चार वर्षं हात चालवला," नाना म्हणाले. "दिवसाला पन्नास डोळे. त्याच मूर्तीवर पांढरा मारायचा, परत काढायचे."

"चुकलं की कोण दाखवायचं?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "बादवर कोन बोट ठेवतो? बाद ती बाद. तिचा हात तिलाच सांगतो."

मी त्या तिरळ्या गणपतीसमोर उभी राहिले आणि मला माझी शिकवण्याची सगळी वर्षं दिसली. माझ्या वर्गात बाद मूर्ती नव्हतीच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वाक्य मी पूजेचं धरलं होतं आणि चुकलं की लाल पेन. बाकीची मुलं निर्लज्जपणे चुकत चुकत शिकून गेली, ते त्यांचं कर्तृत्व. संगीतानं मात्र माझं म्हणणं खरं मानलं. जिनं चार वर्षं हजारो डोळे बिघडवून हात बसवला, तिला मी एकही वाक्य बिघडवू दिलं नव्हतं, आणि वर तिची वही सगळ्यांना दाखवत फिरले होते.

तिला मी तिथंच सांगितलं, "उद्यापासून बादवर बोलायचं."

नियम मी केले. रविवारी मी पेणहून गाडी धरायची, ती कासूला चढायची. गाडी कासूहून सुटली की रोह्यापर्यंत तिनं जर्मनमध्ये बोलत राहायचं. शंभर वाक्यं. जे दिसेल त्यावर. बरोबर असण्याची गरज नाही, थांबायचं मात्र नाही. आणि मी एकही चूक सांगायची नाही.

पहिल्या रविवारी ती नागोठण्यापर्यंत सात वाक्यं बोलली. मी म्हटलं, "ही चांगली आहेत. मला बाद हवीत." तिला ते अवघड गेलं. मलाही. तिनं पहिलं चुकीचं वाक्य टाकलं तेव्हा माझी जीभ शिवशिवली. मी पर्समध्ये हात घालून लाल पेन मुठीत धरून बसले, सुटायला बघणारं मांजर धरावं तसं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, तो खांब आहे. खांब उभा आहे. खांब रोज उभा असतो. खांब कंटाळला आहे. त्यात तीन चुका होत्या आणि मला हसू आवरेना. तीही हसली. त्यानंतर सुरू झालं ते सुरू झालं. अंबा नदीवर ती बोलली, कंपनीच्या धुरावर बोलली, माझ्या साडीवर तर नको इतकं बोलली.

समोर वालाच्या शेंगांची टोपली घेऊन एक म्हातारी बसायची. तिनं दोन रविवार ऐकून घेतलं आणि तिसऱ्याला मला विचारलं, "ही काय बोलतंय गो?"

"जर्मन भाषा आहे, आजी. ती शिकते."

"आनि तू?"

"मी शिकवते."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तू का गप? तुला येत नाय व्हय?"

मी त्या दिवसापासून संगीताबरोबर जर्मन बोलायला लागले. माझीही बाद वाक्यं निघाली. एकदा तर संगीतानंच मला अडवलं आणि लगेच म्हणाली, "नाय नाय, सांगायचं नाय, इसरले."

तिसरी तोंडी पुढच्या वर्षी जूनमध्ये होती. मी बाहेर बाकावर बसले होते. दाराची वरची झडप उघडी होती आणि आतलं बरंच ऐकू येत होतं. विषय 'माझा शेजार' आला. ती बोलत होती. अडखळत, मागं येत, शब्द सापडला नाही तर दुसऱ्या शब्दानं वळसा घेत. मी चुका मोजायचं सोडून दिलं होतं, तरी मोजल्या जात होत्या. मग परीक्षक बाईंनी विचारलं, तुम्ही काय काम करता. ती म्हणाली, गणपतीच्या मूर्ती. दुसरे परीक्षक नवीन होते, त्यांना रस वाटला असावा. त्यांनी विचारलं, मी वाचलंय की तिथं मूर्तीचे डोळे आखणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम असतं. ते कोण करतं?

आत शांतता झाली.

ती घाबरली नव्हती, हे मला ठाऊक होतं, पण परीक्षकांना ठाऊक नव्हतं. कागद सरकवल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. मी मनात आकडे मोजू लागले. पेनाच्या टोपणावर माझं बोट दुखेपर्यंत दाबलं गेलं होतं. मी सोळापर्यंत पोचले तेव्हा आतून एक शब्द आला. इश. म्हणजे मी.

आणि मग ती थांबली नाही. मी आखते. मी वीस वर्षांची होते तेव्हापासून. मालकांना बारीक दिसत नाही. मालक चांगले आहेत. एका पुस्तकात लिहिलं आहे की मालक आखतात, ते पुस्तक चुकीचं आहे. पुस्तक लिहिणारी चुकीची नाही, तेव्हा मी बोलले नव्हते. आता बोलते. वाक्यं लंगडत होती, दोन तर धड उभीच राहिली नाहीत. दहा मिनिटं संपल्याची घंटा झाली, तरी ती बोलतच होती आणि परीक्षक तिला थांबवत नव्हते.

बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता. "जाम चुकले, बाई."

"ऐकलं मी."

"मग हसताय कशाला?"

मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि रडू दिसू नये म्हणून पर्स आवरायला लागले.

पन्नास टक्क्यांच्या आसपास गुण मिळाले, पास व्हायला पुरेसे. आता ती विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आठवड्याचे चार दिवस तिथं, उरलेले कारखान्यात. हानाला तिनं स्वतः पत्र लिहिलं. मी ते वाचलं नाही, तिनं दाखवलंही नाही. हानाचं उत्तर लगेच आलं. छापलेला प्रबंध बदलता येत नाही, पण तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी लावली आहे, आणि संगीताचा प्रबंध होईल तेव्हा तो शेजारी ठेवायला पाठव, असं तिनं लिहिलं होतं.

माझं केंद्र यंदा बंद झालं. विभागानं वर्ग ऑनलाइन नेले आणि मीही निवृत्तीचं वय कधीच ओलांडलं होतं. मी दोन आठवडे चिडचिड केली. मग माझ्या घराच्या ओटीवर शनिवारचा वर्ग सुरू केला. पाच जण येतात. भिंतीवर एक पाटी लावली आहे, तिच्यावर लिहिलंय: पहिला अर्धा तास बाद.

या दसऱ्याला नानांनी मला पूजेला बोलावलं. ब्रश, पटाशा, रंगाच्या वाट्या पाटावर मांडल्या होत्या आणि शेजारी ते पुस्तक. आरती झाल्यावर संगीतानं पुस्तक उचलून फोटोचं पान काढलं आणि नानांना वाचून दाखवलं. आधी जर्मन, मग मराठी. नानांनी कान देऊन ऐकलं.

"मी कवा बोललो, मी आखतो म्हनून?" ते म्हणाले. "इचारलं कोन आखतं. मी बोललो, आमीच की. आमच्यात ही नाय व्हय?"

"तुमची चूक नाही, नाना," मी म्हटलं. "सांगताना माझी चूक झाली."

नानांनी ते पान हातानं चाचपलं. मग संगीताला म्हणाले, "मग खोड की. कुनाची वाट बघतेस?"

तिनं ब्रशांकडे बघितलं. मी पर्समधून लाल पेन काढून तिला दिलं. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानाकडे बघत बसली. मला वाटलं, आता बराच वेळ जाणार. पण तिनं लगेच मालकांच्या 'डोळे आखतात' वर आणि 'मदतनीस' वर आडव्या रेघा मारल्या आणि वर जर्मनमध्ये लिहायला घेतलं. पहिला शब्द मनासारखा झाला नाही, तो खोडला. पुढचा लिहिला, त्यातलं एक अक्षर परत खोडलं. शेवटी तिथं उभं राहिलं ते असं: संगीता, वीस वर्षांची असल्यापासून डोळे आखते. चार रेघोट्या आणि एक डाग, त्यामधून वाट काढत गेलेली ओळ. तिच्या हातची मी पाहिलेली ही पहिली खाडाखोड.

तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि पेन परत दिलं. त्या ओळीत अजून एक चूक होती. मला ती लगेच दिसली. मी पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक देवाजवळच्या फळीवर परत ठेवून दिलं.